आचारी नदीपलीकडं, पंगत दारात

केरळाहून परत आल्यापासून आमच्या खानावळीत पानावर बसणारा जो तो एकच विचारतो, "अक्का, तिकडं काय खाल्लंत?" एका हातानं भाकरी वाढायची, दुसऱ्यानं आमटी, त्यात एवढी मोठी हकिकत कशी सांगून व्हायची? म्हणून दुपारची पाळी जेवून गेली की रोज थोडं थोडं लिहून काढलं. जे तिकडं गेले नाहीत, आणि बहुतेक जाणारही नाहीत, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी माझं सांगते. सोलापुरात गिरणीच्या मागच्या बोळात आमची खानावळ आहे. आम्ही लिंगायत, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. रोज दोन्ही पाळ्यांची मिळून शंभर-सव्वाशे माणसं आमच्याकडं जेवतात. खानावळीच्या वरच्या खोलीत राधामणी भाड्यानं राहते. ती दवाखान्यात नर्स, गाव केरळात शोरनूरजवळ. आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. माझ्या चुलीशेजारी बसून शिकली, त्यामुळं 'लई' आणि 'हाय' अगदी आमच्यासारखं म्हणते. फक्त बाई-पुरुषाचा घोळ काही सुटला नाही.

"अक्का, माझा बहिणीचा लग्न हाय," ती एक दिवस म्हणाली. "तुमी नाय आला तर मी बी जात नाय."

मी मालकांकडं बघितलं. लग्न झाल्यापासून माझा प्रवास म्हणजे अक्कलकोटचं माहेर आणि एकदा श्रीशैल. मालक सुपारी कातरत म्हणाले, "जा की. हितलं म्या बघतो. गिरणीवाल्यांना चार दिस माज्या हातचं खाऊ दे, मग तुजी किंमत कळंल त्यास्नी."

हिरवा मुलूख

मद्रास मेलमध्ये बसलो. होटगी गेलं आणि आपलं सगळं मागं राहिलं असं वाटून उगीच डोळे भरले. राधामणीनं मला खिडकी दिली. बरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि नवरीसाठी सोलापुरी चादरींची जोडी. मद्रासला गाडी बदलली. दुसऱ्या दिवशी उजाडताना जाग आली तर खिडकीबाहेर सगळं हिरवं. नुसतं शेत हिरवं नाही, बांध हिरवा, कौलं हिरवी, विजेच्या खांबावरसुद्धा वेल चढलेला. टँकरमागं घागरी घेऊन पळालेल्या बाईला असला हिरवा रंग बघून आधी आनंद होत नाही, राग येतो. आमच्या सांगोल्याला याच्यातला एक पाट तरी का नाही, असं मनात आलं.

राधामणीचं घर नदीपासून थोड्या अंतरावर, नारळी-फणसांच्या मध्ये. दोन घरांच्या मधे भिंत नाही, झाडंच. दारात उभ्या होत्या तिच्या आई. सगळे त्यांना अम्मा म्हणतात, मीही अम्माच म्हणेन. पांढरं धुवट वस्त्र, ओले केस पाठीवर मोकळे, कपाळाला चंदन. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "वा, मोळे, वा!"

मी दचकले. कानडीत मोळे म्हणजे खिळा. राधामणी हसून म्हणाली, "आमच्यात लेकीला मोळे म्हणतात, अक्का. ये लेकी, म्हणाला."

आमच्या कानडी 'बा'चं, म्हणजे 'ये'चं, इथं 'वा' झालं होतं. नाही म्हणायला दोन्हीकडं 'इल्ला', मिठाला दोन्हीकडं 'उप्पु'. केळीच्या पानाला आम्ही 'बाळे एले' म्हणतो, तिथं 'वाळ इला'सारखं काहीतरी ऐकू आलं. मी मनाशी ठरवलं की कानडीतला 'ब' काढून 'व' लावला की मलयाळम होते. या शहाणपणानं पुढं काय केलं ते सांगतेच.

घर अम्मांचं, कारभार मामांचा

त्या घरची एक गोष्ट ऐकून मी थक्क झाले. घर अम्मांच्या नावावर. त्यांच्या आधी त्यांच्या आईच्या, तिच्या आधी तिच्या आईच्या. जुन्या रीतीनं मुलगी सासरी जायचीच नाही, नवराच तिच्या घरी यायचा. आता रीत मोडत चाललीय, पण घर अजून बाईच्या नावावर राहतं. आमच्याकडं सासूनं 'माझं घर' म्हणून म्हणून सुनेला पिळलेलं मी पुष्कळ बघितलंय, आणि कागद काढले तर ते सासूचंही नसतं.

पण घर बाईचं असलं तरी निकाल बाईचा नव्हता. राधामणीचे वडील वारलेले. लग्नकार्य, देणंघेणं, कुणाला बोलवायचं, सगळं अम्मांचे थोरले भाऊ ठरवायचे. त्यांना सगळे अम्मावन म्हणजे मामा म्हणत. उंच, ताठ, छत्री काखेत मारून फिरणारे. माझ्यावर ते पहिल्या दिवसापासून नाराज होते. कारण मी लिंगायत म्हटल्यावर अम्मांनी मी जाईपर्यंत घरात मासळी बंद केली होती. मामा पानावर बसले की एकदा ताटाकडं बघत, एकदा माझ्याकडं, आणि उसासा टाकत.

सकाळी मात्र मासळीची आठवण कुणालाही होऊ नये असं खाणं. लाल तांदळाची पेज, बरोबर वाफवलेले मूग, भाजलेला पापड आणि खोबऱ्याची चटणी. पेज प्यायला चमचा नाही. फणसाचं पान दुमडून नारळाच्या झापाच्या काडीनं टाचायचं, तोच चमचा. मला पहिल्यांदा निम्मी पेज पदरावर सांडली. चटणीला आमच्यासारखं कूट नाही, सगळं खोबरं, आणि भाजीला फोडणी खोबरेलाची. हे मात्र पहिल्या दिवशी गिळताना जड गेलं. जे तेल जन्मभर केसांना चोपडलं ते जिभेवर! पण तिसऱ्या दिवशी पातळ ताकाच्या कढीवर अम्मांनी कच्च्या खोबरेलाची धार सोडली आणि वरून कढीलिंब चुरडला, तेव्हा मी मागून घेतलं.

तिथल्या बायका आंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावत नाहीत. आंघोळ घरामागच्या तळ्यात. अम्मा साठीच्या पुढच्या, पण माशासारख्या पोहायच्या. मी शेवटच्या पायरीवर बसून तांब्यानं पाणी घ्यायची, तर अम्मा तळ्याच्या मधोमध तरंगत मला हसायच्या. इतकं पाणी असूनही मी तांब्या जपूनच ओतायची. सवय कुठं जाते?

लग्नाच्या आदल्या दिवशी

पाऊस दोन दिवस थांबलाच नव्हता. तरी मांडव उभा राहिला, वर झापं घातली, भाज्यांच्या पाट्या आल्या. लग्नाचं जेवण शिजवायला आचारी ठरवला होता कृष्णन स्वामी. तो नदीपलीकडच्या गावचा, आपली माणसं आणि भांडी घेऊन दुपारी यायचा होता. केरळात रोजचं घरी बाई रांधते, पण लग्नाचं मोठं जेवण पुरुषच शिजवतात. बाईनं भाजी चिरून द्यावी, खोबरं किसून द्यावं, आणि बाजूला व्हावं.

दुपार टळली. मामा छत्री घेऊन नदीवर गेले, आणि आले ते ओलेचिंब. छत्री उलटी झालेली.  ओसरीवर येऊन काहीतरी बोलले आणि सगळ्या बायकांचे हात चिरायच्या विळीवर थांबले.

"काय झालं गं?" मी राधामणीला विचारलं.

"नदी भरला, अक्का. होडी बंद केला. स्वामी पलीकडं, आणि आमी अलीकडं."

"मग दुसरा आचारी?"

"उद्या मोठा मुहूर्त हाय. सगळा आचारी कुटं ना कुटं लागला."

नवरदेव अलीकडच्याच गावचा, वऱ्हाड बसनं येणार होतं, त्याला नदीची अडचण नव्हती. तो दूर पोलाद कारखान्यात नोकरीला, लग्नानंतर लगेच निघायचा. पुढं ढकलायची सोय नव्हती. नवरी वत्सला आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिनं सगळ्यांची तोंडं बघितली आणि हातातल्या फुलांचा दोरा तसाच गळून पडला.

मामा म्हणाले, शोरनूरच्या हॉटेलातून भात-सांबार आणू. अम्मांनी मान वर केली. "माझ्या मुलीच्या लग्नात हॉटेलचा भात?"

"मग काय करणार? तुम्ही बायका शिजवणार आहात? अडीचशे पानं? तो हांडा तुम्हाला हलेल तरी का? पायसम फाटलं तर त्यांच्या गावात वर्षभर हसतील." राधामणी कानात मराठी करून सांगत होती; पायसम म्हणजे त्यांची खीर, हेही तिनंच सांगितलं.

 पाऊस झापांवर वाजत होता. मग अम्मांनी माझ्याकडं वळून एक प्रश्न विचारला. राधामणीनं सांगितला, "अम्मा विचारतो, अक्का, तुमी रोज एवढ्या लोकाचा जेवण करता, तेव्हा हांडा कोण उचलतो?"

मी म्हणाले, "कुणीच उचलत नाही. सांग त्यांना. हांडा चुलीवरच राहतो. भात झाऱ्यानं उपसायचा आणि टोपलीत टाकायचा, पेज आपली गळून जाते. उचलायचं कशाला?"

राधामणीनं सांगितलं. अम्मांनी ऐकलं, एकदा मान हलवली, आणि उठून वस्त्राचा काठ कमरेला खोचला. मामांना त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, भांडी मागून आण. देवळात आहेत, शेजारच्या करुणाकरनच्या घरी आहेत. स्वयंपाकाचं आम्ही बघतो."

 बहिणीनं त्यांना काम सांगितल्याची ही पहिलीच वेळ असावी. मग त्यांनी उलटी झालेली छत्री सुलटी केली आणि पावसात गेले.

चुलीपाशी

बातमी झाडीतून झाडीत गेली. दिवेलागणीच्या आत शेजारपाजारच्या बायका आल्या, जिची तिची विळी आणि खोबरं किसायची खवणी घेऊन. खवणी म्हणजे बुटका घोडाच, त्याच्यावर बसायचं आणि पुढच्या दात्यावर नारळ फिरवायचा. मी बसले तर पहिल्या नारळात बोट खरवडून घेतलं. मला तिथून उठवून कोहळा चिरायला बसवलं. मोठ्या भोपळ्याच्या फोडी वेगळ्या, कच्च्या केळ्याच्या वेगळ्या, सुरण वेगळा. प्रत्येक भाजीचा काप ठरलेला. अवियल म्हणजे खोबऱ्यातली मिसळ भाजी, तिचा काप बोटासारखा लांब, तोच सांबाराला चालायचा नाही. मी एक टोपली चुकीची चिरली ती एका म्हाताऱ्या शेजारणीनं न बोलता बाजूला सारली आणि माझ्या हातात लांब काप ठेवून दाखवला. सोलापुरात मी बायकांना शिकवते. तिथं शिकणारी झाले, आणि मला ते आवडलं.

पहाटे तळ्यावर आंघोळी करून सगळ्या चुलीवर आल्या. अंगणात विटांच्या चुली, वर झापांचा आडोसा, लाकडं ओली. धुरानं डोळे गेले. अम्मांनी पायसम स्वतःकडं घेतलं. पितळी पसरट भांड्यात गुळाचा पाक, त्यात तांदळाच्या पापुद्र्यांचे तुकडे, आणि नारळाचं दूध तीनदा काढलेलं, आधी पातळ, मग मध्यम, शेवटी दाट. दाट दूध घातल्यावर उकळी आली की पायसम फाटतं. मामांना भीती होती ती हीच. ढवळायला अम्मांनी मला उभं केलं. वीस वर्षं भाकरी थापून माझे दंड जे झालेत त्याचं त्या दिवशी सोनं झालं.

तेवढ्यात घोळ झाला. अम्मा सांबाराकडं गेल्या होत्या, राधामणी आत नवरीला नेसवत होती. सांबार घट्ट होऊन तळाला लागायच्या बेतात. अम्मा ओरडल्या, "वेळ्ळम! वेळ्ळम!"

माझं शहाणपण धावून आलं. 'व' काढा, 'ब' लावा. वेळ्ळम म्हणजे बेल्ल, आणि कानडीत बेल्ल म्हणजे गूळ! ढवळणं एकीच्या हाती देऊन मी शेजारच्या पाटीतली भली मोठी ढेप उचलली आणि सांबारात टाकली.

 एका बाईनं तोंडावर हात ठेवला. अम्मांनी माझ्याकडं बघितलं, मग हंड्याकडं. वेळ्ळम म्हणजे पाणी हे मला तेव्हा कळलं जेव्हा एकजण कळशी घेऊन पळत आली.

 परक्या घरचं लग्न, अडीचशे पानं, आणि सांबारात गूळ. पण खानावळवालीला आमटी बिघडणं नवीन नाही. बिघडलेली आमटी टाकून द्यायची नसते, वाढवायची असते. मी झाऱ्यानं न विरघळलेली ढेप बाहेर काढली. निम्मं सांबार दुसऱ्या भांड्यात घेतलं. खुणा करून शिजलेली डाळ मागितली, चिंचेचा कोळ मागितला. सुक्या मिरच्या, धणे आणि खोबरं लाल होईपर्यंत भाजून वाटून दोन्ही भांड्यांत सोडलं. पाणी घातलं, खळाखळा उकळू दिलं. कुणी अडवलं नाही.

अम्मांनी तळहातावर थेंब घेऊन चाटला. डोळे मिटले. पुन्हा घेतला. म्हणाल्या, "नन्नायी."

राधामणी पळत आली होती. "चांगला झाला म्हणतो, अक्का! आता कुणी हात लावू नका म्हणतो!"

बायका हसायला लागल्या. आधी एक, मग सगळ्या, धुरात खोकत खोकत. मीही हसले, आणि डोळे पुसले ते काही फक्त धुरानं नाही.

भात उपसायची वेळ आली तेव्हा मामा मदतीला पुढं झाले. अम्मा म्हणाल्या, "तिथंच थांब." चार बायकांनी झारे घेतले, वेताच्या टोपल्या लावल्या, आणि तो लाल टपोरा भात हांडा न हलवता रिकामा केला. मामा बघत राहिले.

पंगत

लग्न एवढ्या झटकन लागलं की मी पदर सावरून बाहेर येईपर्यंत संपलंसुद्धा! समई, साळीनं भरलेलं माप, त्यात नारळाचा तुरा. नवऱ्यानं ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधली, वस्त्र दिलं, हार घातले, झालं. आमच्याकडं एवढ्या वेळात बँडवाल्यांचा चहासुद्धा होत नाही.

मग पाऊस उघडला आणि मांडवात पानं मांडली. गावातली तरुण पोरं वाढायला. मीठ, केळ्याचे काप, लोणची, आल्याची आंबटगोड चटणी, मग भाज्या एकामागून एक, प्रत्येकीची जागा ठरलेली. डाळ-तूप, सांबार, मग पायसम. आम्ही बायका झापांच्या फटीतून बघत होतो. पहिला घास कोण कसा घेतो, कोण मागतो, कोण टाकतो. अम्मांनी माझं मनगट धरलं होतं ते इतकं घट्ट की बांगडी रुतली.

वऱ्हाडातल्या थोरल्या म्हाताऱ्याच्या पानात पायसम वाढलं. त्यानं पापड चुरला, बोटांनी कालवलं, खाल्लं. पुन्हा हात वर केला. मग मोठ्यानं मामांना विचारलं, "आचारी कोण? कृष्णन स्वामीच ना? पण या वेळी त्याचा हात जास्तच चांगला लागलाय."

 वाटलं, मामा 'हो' म्हणतील आणि विषय मिटवतील. त्यांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं आणि म्हणाले, "स्वामी पलीकडं अडकला. हे माझ्या बहिणीनं शिजवलंय. घरातल्या बायकांनी शिजवलंय."

राधामणीनं हे मराठीत सांगायच्या आधीच मला कळलं होतं, कारण सगळ्या मांडवानं माना झापांकडं वळवल्या होत्या.  म्हातारा पानावर हात आपटून म्हणाला, "तर मग आणखी वाढा!"

सगळ्या पंगती उठल्या, बस गेली, वत्सला रडत-हसत गेली, तेव्हा दुपार कलली होती. आम्ही चुलीपाशीच बसलो, कुणाच्या अंगात उठायचं त्राण नव्हतं. मामा आले. त्यांनी स्वतः मांडवात पानं मांडली, पाणी शिंपडलं आणि आम्हाला बोलावलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. त्या घरात पुरुषानं बायकांना वाढलेलं कुणी बघितलं नव्हतं. अम्मा आधी बसल्या, मग आम्ही सगळ्या. मामांनी भात वाढला, सांबार वाढलं, पायसम वाढलं. माझ्या पानाशी वाकून त्यांनी विचारलं, "मदियो?" म्हणजे पुरे का. मी मान हलवली तरी त्यांनी आणखी एक डाव घातला.

त्या जेवणाची चव सांगता येणार नाही. भूक होती, थकवा होता आणि आपण करून दाखवलं हे होतं. मी सोलापुरात हजारोंना वाढलंय. मला बसवून, पोट भरेपर्यंत वाढलेलं मात्र त्या दिवशी.

निघायच्या दिवशी

मी निघणार होते त्या सकाळी ओसरीवर पेज पीत बसले होते. आता पानाचा चमचा सांडत नव्हता. आवाराबाहेरून एक गृहस्थ आले, पलीकडच्या वाडीतले. नदी उतरली होती, होड्या सुरू झाल्या होत्या. त्यांच्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं. त्यांनी मामांना नमस्कार केला, हवापाण्याचं बोलले, आणि मग खाली मान घालून विचारलं की अम्मांचा स्वयंपाक मिळेल का. वऱ्हाडात त्यांचे कुणीतरी जेवून गेले होते.

मामा पान खात होते.  त्यांनी बोटानं आतलं दार दाखवलं.

"मला काय विचारता? तिचं काम आहे, तिला विचारा. आत जा. पाय धुऊन जा."

गृहस्थ पाय धुऊन आत गेले. मी कान लावून बसले होते, राधामणी माझ्या शेजारी. आतून अम्मांचा आवाज आला, ठाम, जरासा घाईचा, हातात काम असलेल्या बाईचा असतो तसा.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

राधामणीचं तोंड हसण्यानं फुललं होतं.

"अक्का, अम्मा म्हणतो, पायसम कुठला पाहिजे ते आधी सांगा. फणसाचा की केळ्याचा?"